वासितच्या हकिमांविषयी एक शब्द

बसरा शहरात एकदा एक वृद्ध उस्ताद राहत असत. शास्त्रीय ग्रंथ शुद्ध अरबीत कसे लिहावेत, हे शिकायला दूरदूरचे लोक त्यांच्याकडे येत. हारिस हा त्यांचा सर्वांत बुद्धिमान शिष्य. त्याने नेत्ररोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यातल्या प्रौढ भाषेची साऱ्या शहरात वाहवा झाली आणि ग्रंथाच्या प्रती गावोगावी गेल्या.

उस्तादांनी ग्रंथ वाचला. दुसऱ्या दिवशी ते हारिसला विद्वानांच्या सभेत घेऊन गेले आणि म्हणाले, "हा हारिस. हा माझा शिष्य आहे, असा याचा दावा आहे. नेत्ररोगांवरचा तो ग्रंथ यानेच लिहिला, असाही याचा दावा आहे."

शेजारी बसलेले गृहस्थ हारिसपासून किंचित दूर सरकले.

बाहेर पडताच हारिसने उस्तादांची वाट अडवली. "उस्ताद, बारा वर्षं मी तुमच्या पायाशी बसलो. तुम्ही मला खोटा का ठरवलंत?"

"खोटा हा शब्द मी उच्चारला का?" उस्ताद म्हणाले. "वासित गावच्या हकीम वहबांचा डोळ्यांवरचा लेप तुझ्या ग्रंथात आहे. तिथे क्रियापद कोणतं योजलंस?"

हारिसने आठवले. "'ज़अम'."

"त्याऐवजी अरबीतलं साधं 'क़ाल' लिहितास, तर 'ते म्हणाले' एवढाच अर्थ झाला असता. 'ज़अम' म्हणजे त्यांचा तसा दावा आहे. वाचणारा समजतो, खरं नसावं. तो लेप तू पारखून पाहिलास?"

"नाही. मोठ्या ग्रंथांत तो शब्द येतो. भारदस्त वाटला."

उस्ताद म्हणाले, "बाळ, आपल्याला किती ठाऊक आहे आणि किती नाही, हे नेमकं सांगता यावं म्हणून विद्वानांनी हे शब्द घडवले. आज तुला सभेत तोंड उघडता तरी आलं असतं. वहब तुझ्या पानावर आहेत. तिथून ते कसे बोलणार?"

त्याच आठवड्यात हारिस नावेने वासितला गेला. हकीम वहबांच्या ओसरीवर एकही रोगी नव्हता. हारिसने आपले नाव सांगितले, आपला अपराधही सांगितला.

"तुमचं पान एकानं मला वाचून दाखवलं," वृद्ध हकीम म्हणाले. "तेव्हापासून लोक येईनासे झाले." मग त्यांनी फडताळातून एक जीर्ण वही काढली. "चाळीस वर्षांत हा लेप किती डोळ्यांना लागू पडला, ते यात आहे. किती डोळ्यांना पडला नाही, तेही आहे. विचारलं असतंत, तर दाखवली असती."

हारिस तीन दिवस ती वही वाचत बसला. त्यानंतर गावोगाव हिंडून, प्रत्येक प्रत मागून घेऊन, त्याने तो शब्द खोडला आणि वहबांनी काय पाहिले ते समासात लिहिले. वासितच्या ओसरीवर हळूहळू माणसे परतू लागली.

दोन प्रती मात्र त्याला अखेरपर्यंत सापडल्या नाहीत.