खारीची फांदी

झाडं-पाखरं एकमेकांशी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. उंबराच्या फांदीवर एक खार बसायची. तिच्याजवळ विकायला काहीच नव्हतं. घरट्यासाठी कापूस शोधणाऱ्या शिंपी पाखराला ती सांगायची, "ताई, ओढ्याकाठच्या सावरीखाली जा. आणि येताना वाटेत काय दिसलं ते सांगून जा, बरं का!" असं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकून तिला रानभरची खबर असायची.

वानराला हेवा वाटला. त्याने पिंपळावर विकायला रानमेव्याचा ढीग रचला. पण कुणाला काय हवंय, हे त्याला कुठे ठाऊक होतं? सगळे आपले खारीकडेच जायचे.

मग खार फुगली. "आजपासून आधी एक उंबर ठेवायचं, मगच विचारायचं. माझ्याशिवाय जाणार कुठे?"

सगळ्यांनी मुकाट्याने उंबर ठेवलं. फक्त वाटेत काय दिसलं, ते कुणीच सांगेना.

चार दिवसांनी शिंपीण सावरीखालून रिकाम्या चोचीने परतली. तिथला कापूस केव्हाच उडून गेला होता.

खार ओशाळली. "ताई, मग आता कापूस कुठे आहे गं?"

शिंपीण हसली. "आधी ही उंबरं बाजूला कर. मला बसायला जागा दे, म्हणजे सांगते."