वाघाचं पान

माणसांनी शब्दकोश करायच्या कितीतरी आधी एका साळिंदराने मोठंच काम अंगावर घेतलं. रानातला प्रत्येक शब्द तो आपल्या काट्याने पळसाच्या पानावर कोरायचा आणि वानराकडून पिंपळाच्या योग्य फांदीला टांगून घ्यायचा. जांभूळ, करवंद अन्नाच्या फांदीवर; वाघ, भेकर प्राण्यांच्या. काम पुरं झालं तेव्हा अभिमानाने त्याचा काटा न् काटा ताठला.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. वाघ दिसला की टेहळणीवरचा वानर नुसता "खॅक!" करून ओरडायचा.

"या खॅकला ना खोड, ना फांदी," साळिंदर म्हणाला. "शब्द कसा मुळापासून सांगावा."

"पण तेवढ्यात वाघ येतो ना, दादा!"

"येऊ दे की. त्याचंही पान आहे."

सगळ्या रानाला हे पटलं, कारण कळलं कुणालाच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी गवत हललं. वानराने नियमाप्रमाणे सुरुवात केली, "सजीव... सजीवांतला प्राणी... प्राण्यांतला मांसाहारी... मांसाहाऱ्यांतला, अंगावर पट्टे असलेला..."

खाली चरणारं भेकर मान वर करून पुढचा शब्द ऐकायला थांबलं. तो त्याला ऐकायला मिळाला नाही.

वानर रडतच साळिंदराकडे आला. "दादा, माझं काही चुकलं का?"

"छे रे! एकही फांदी चुकला नाहीस." साळिंदराने त्याची पाठ थोपटली. "आता एवढं कर. भेकराचं पान प्राण्यांच्या फांदीवरून काढ आणि अन्नाच्या फांदीवर लाव. तिथे, जांभळाशेजारी."