गोजराईला कळलं नाही

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्याच्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, कातळवाडीत विहीर खणायचं काम चाललं होतं. सात माणसं खाली कुदळ मारायची आणि गोजरा नावाची बाई वर मातीच्या पाट्या ओढायची. तिचा एकुलता एक भाऊ सुभाना त्या सातांत होता.

एक दिवस उगवतीच्या बाजूची माती गळायला लागली. माणसं मुकादम रायबाला म्हणाली, “बाजू ढासळणार, काम थांबवा.” पण रायबा म्हणजे अडेलतट्टू! चारचौघांत अडवलं की जास्तच चढायचा. “पाणी हातभरावर राहिलंय. भ्यायचं असेल त्यानं बांगड्या भराव्यात!” म्हणाला. झालं, सातही जण रागारागानं खाली उतरले.

आपला भाऊही उतरलेला गोजरानं पाहिला. पण या माणसाशी भांडून काय उपयोग? ती रायबाजवळ जाऊन उकिडवी बसली.

“दादा, माझ्या टाळक्यात काही शिरंना बघा. पाणी कुठनं लागणार?”

“उगवतीकडनं.”

“आणि माती कुठनं गळतीय?”

“तिकडनंच की.”

“मग पाणी लागल्यावर ती बाजू कशावर उभी राहणार? मला मेलीला काय कळंना. तुम्ही जाणते, नीट समजवा.”

रायबानं एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याची जीभ मध्येच अडखळली. तो काठावरून वाकून ओरडला, “वर या रे सगळे! माझा हुकूम आहे!”

सहा जण वर आले. सुभाना अर्ध्यावर असताना ती बाजू हलली. तेव्हा गोजरा त्या बाजूलाच म्हणाली, असं म्हणतात, “बाई, तू आत्ताच का पडतीस, मला कळलं नाही.” तिलाही उत्तर सापडेना. ती विचार करत थांबली, सुभाना वर आला, आणि मग धडाम!

“मला आधीच दिसलं होतं,” असं रायबा गावभर सांगत सुटला. लोकांनी गोजराला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय कळतंय? त्यांनाच कळलं.” आता तिला खरंच कळत नव्हतं, की ती वेड पांघरून पेडगावला गेली होती? माझा तर अजून गोंधळ होतो बुवा.

अजूनही कातळवाडीत कसलं काम काढलं की आधी एकाला मध्ये बसवतात. त्यानं तीनदा म्हणायचं, “गोजराईची आण, मला कळलं नाही,” आणि काम करणाऱ्यानं तीनदा न चिडता समजवायचं. गेल्या वर्षी शाळेच्या छपराच्या वेळी मला बसवलं होतं. तिसऱ्यांदा समजावता समजावता सुतार उठला आणि त्यानं आपण होऊन मधली तुळई बदलली. सगळे माझी पाठ थोपटायला लागले. पण देवाशपथ सांगतो, मला खरंच काही कळलं नव्हतं.