डोंगराचा घास

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात ना मोठा बाजार होता ना मोठी विहीर, पण डोंगरावर पवना गवत होतं आणि तेवढ्या जोरावर गाव मिशीला पीळ देऊन चालायचं. पवना म्हणजे बारीक पात्याचं, गोडसर रानगवत. वाळलं तरी गुरं त्याच्यावर तुटून पडतात. ते दरवर्षी मरतं आणि आपल्याच सांडलेल्या बियांतून दरवर्षी नव्यानं उगवतं.

त्याच डोंगरावर कुसळी गवतही होतं. तुरे आले की त्याला सुईसारखी कुसळं फुटतात. ती धोतरात रुततात, गुरांच्या हिरड्यांत शिरतात. त्यामुळे त्या गवताच्या वाटेला कुणी जात नसे.

दसऱ्यानंतर गाव गवत कापायला चढायचं, बी गळायच्या आधी. पण त्याआधी डोंगराची राखण करणारी म्हातारी सगळ्यांत दाट पवन्याच्या तुकड्याभोवती चुना लावलेले दगड मांडायची. तिला सगळे आत्या म्हणत. दगडांच्या आतलं गवत कुणी कापायचं नाही, ते तिथंच पिकायचं आणि त्याचं बी वाऱ्यानं डोंगरभर जायचं. त्या तुकड्याला म्हणत ‘डोंगराचा घास’.

एका वर्षी पाऊस तोकडा झाला. गावाचा कारभारी नवा होता. माणूस मनानं चांगला. त्याच्याकडे हौशी नावाची गाय होती आणि हा बायकोपेक्षा गाईशी जास्त बोलतो, असं लोक म्हणत. म्हणणाऱ्यांत बायकोही होती.

दगड बघून कारभारी म्हणाला, “आत्या, गुरं उपाशी आणि सगळ्यांत चांगलं गवत डोंगराला? डोंगराला काय दात आहेत?”

लोक हसले.

“मग काय सोडायचं?” आत्यानं विचारलं.

“ती कुसळी सोडा की. नाहीतरी कोण खातंय तिला?”

“कारभारी, जे सोडाल तेच पुढं उगवेल.”

“एका तुकड्यानं काय होतंय, आत्या!”

गाव एकीकडे आणि आत्या एकटी. लोकांनी दगड उचलून कुसळीभोवती मांडले आणि पवना मुळापर्यंत कापून नेला. त्या हिवाळ्यात गुरांची पोटं भरली. सगळ्यांनी कारभाऱ्याची पाठ थोपटली. हेच चांगलं, म्हणून पुढची दोन वर्षंही तसंच केलं.

चौथ्या वर्षी डोंगर लांबून पूर्वीसारखाच भरलेला दिसत होता. लोक विळे घेऊन वर चढले, तर जिकडं बघावं तिकडं कुसळी.

हौशीनंही दुसरं काही नाही म्हणून तीच खाल्ली. तिच्या हिरड्या सुजल्या. ती गव्हाणीशी यायची, वास घ्यायची आणि मान फिरवायची. कारभारी तिचं तोंड उघडून एकेक कुसळ बोटानं काढत बसायचा. तिच्या पोटात वासरू होतं आणि तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. शेवटी तो आत्याच्या दाराशी गेला.

“आत्या, चूक माझी. पण गाय उपाशी मरतेय हो.”

‘मी सांगत नव्हते?’ हे शब्द आत्याच्या अगदी जिभेवर आले होते. पण तिनं त्याची रक्ताळलेली बोटं बघितली.

“आधी हात धुवा. दोन घास खा. मग बघू,” ती म्हणाली.

तिनं हौशीला अंजनाच्या झाडाचा कोवळा पाला घालायला सांगितला. मग दोघं डोंगरापलीकडच्या गावी गेले. त्या गावानं आपल्या राखलेल्या तुकड्यातलं टोपलीभर बी दिलं. आत्यानं ते माती-शेणात कालवून त्याच्या गोळ्या केल्या आणि मृगाच्या तोंडावर गावानं त्या खुरपलेल्या जागेत पेरल्या. भाद्रपदात तुरे यायच्या आधीच कुसळी कापून काढली. कोवळी कुसळी गुरांनी चवीनं खाल्ली. बिचारीला एवढी वर्षं उगाच शिव्या खाव्या लागल्या होत्या.

पवना मात्र त्या साली खळ्याएवढ्या जागेत आला. आत्यानं त्याच्याभोवती पुन्हा चुन्याचे दगड मांडले. दसऱ्याच्या सुमारास हौशीला त्याचा वास लागला. तिच्या पायाशी आता वासरू होतं आणि दूध पुरत नव्हतं. ती दावं तोडून दगडांशी जाऊन उभी राहिली. मागोमाग वासरू आणि त्याच्यामागे कारभारी आला. हातात विळा होता.

तिथं राखणीला बसलेल्या आत्याला गाईची आणि कारभाऱ्याची दया आली. “घ्या एक पेंढी कापून,” ती म्हणाली. “मी नाही कुणाला सांगायची.”

कारभारी वाकला. मूठभर पवना त्यानं मुठीत धरलासुद्धा. मग वासराकडे बघितलं आणि मूठ सोडली.

“नको आत्या. हिचं आजचं पोट भरेल, पण याला उद्या काय घालू?”

हौशी काही केल्या हलेना. तो तिच्या गळ्यात हात घालून लहान पोरासारखा रडला आणि रडतरडतच तिला घरी घेऊन गेला.

बी गळलं. पुढच्या वर्षी पवना उतारभर झाला, त्याच्या पुढच्या वर्षी डोंगरभर. तोवर हौशीचे दात झिजले होते. कारभाऱ्यानं पहिला भारा घरी आणला, पवना बारीक कातरला आणि तिच्यापुढे ठेवला. तिनं वास घेतला. या खेपेला मान फिरवली नाही. शेजारी तिचा तरणाबांड खोंड त्याच भाऱ्यात तोंड खुपसून कचाकचा खात होता.

तात्पर्य इतकंच: आपण मागे जे सोडतो, तेच पुढच्यांच्या ताटात येतं, म्हणून सोडायचं ते आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं असावं.