खासनीससाहेबांचे बूट

उपग्रह वर नेणारं देशाचं पहिलं रॉकेट अजून कागदावरच होतं, तेव्हा दिल्लीहून खासनीससाहेब तपासणीला आले. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे त्यांच्या हातात होतं. आराखडा पाहताच ते कडाडले, "चार टप्पे बांधायचे आणि त्यातले तीन समुद्रात फेकायचे? ही कसली उधळपट्टी! एकच टप्पा करा, सगळंच्या सगळं वर न्या. आणि मला गणितं दाखवू नका!"

बाकीचे इंजिनिअर आराखडे गुंडाळू लागले. इंजिनिअर मालिनी आचरेकर मात्र साहेबांचा दिल्लीच्या थंडीतला लोकरी कोट न्याहाळत होती.

"साहेब, बाहेर प्रक्षेपणाच्या मनोऱ्यावर चला. लिफ्ट अजून बसलेली नाही, पण वर पोचलात की उत्तर देते."

साहेब ताडताड जिना चढू लागले. थोड्याच वेळात फुगलेली बॅग त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. पुढे घामेजलेला कोट कठड्यावर टाकला. शेवटी चावणारे बूटही पायरीवर सोडले आणि नुसत्या मोज्यांनिशी धापा टाकत ते माथ्यावर पोचले.

"हं, द्या उत्तर!"

मालिनी अदबीने म्हणाली, "ते तुम्हीच देत आलात, साहेब. बॅग, कोट, बूट. तीन टप्पे जिन्यात टाकलेत, म्हणून तर वर पोचलात."

साहेबांनी मोज्यांकडे पाहिलं. तरी हार मानतील तर ते खासनीस कसले! "पण बाई, माझे बूट मला परत मिळणार आहेत!"

"मिळणारच. तुम्हाला खाली यायचंय, साहेब. आमच्या उपग्रहाला नाही."

साहेब खो खो हसत सुटले. मंजुरी त्यांनी तिथेच दिली, मोज्यांवर उभं राहून.