थाळी कधी वाजवायची

"थाळी वाजवायला सांगू ना, मावशी?"

"कशाची?"

"हौसा प्रसूत झाली त्याची!" इंदूच्या हातात बाळ होतं आणि ते घर डोक्यावर घेऊन रडत होतं.

ठकूमावशीने मान वर केली नाही. तिचा तळहात हौसाच्या पोटावर होता.

"अजून न्हाई झाली."

इंदूला हसू आलं. मावशी चाळीस वर्षं गावची सुईण, पण अक्षराशी गाठ नाही. इंदू शिकत होती तिच्याच हाताखाली. मात्र तालुक्याला सुईणींच्या वर्गात ती पहिली आली होती, आणि गावात ज्याला हे ठाऊक नव्हतं त्याला ती स्वतः सांगायची. तिथून ती शब्दही घोटून आली होती. गाय विते, कोंबडी अंडी घालते, बाई प्रसूत होते. मावशी 'बाई सुटली' म्हणाली की इंदू तिला तिथल्या तिथे सुधारायची.

"मूल माझ्या हातात आहे, मावशी. मग हिला म्हणायचं काय?"

मावशीने तळहाताने पोट दाबून पाहिलं.

दाराबाहेर हौसाची सासू पारूबाई पितळी थाळी आणि पळी घेऊन उभी होती. बाळाचं रडणं तिलाही ऐकू येत होतं. तरी तिने थाळी वाजवली नव्हती.

"बाळ हिच्या छातीशी दे," मावशी म्हणाली. "मागल्या दारानं जा, ऊन पाणी आण. आन् गोठ्यात रावबाला इचार, तांबडी व्याली का."

"आत्ता? गाईचं?"

"पाणी आणायचंच हाय."

इंदू धुसफुसत गेली. गोठ्यात वासरू उभं राहून धडपडत आचळ शोधत होतं. घरचा जुना गडी रावबा सकाळपासून गाईजवळ उकिडवा बसला होता.

"व्याली ना गाय?"

"न्हाई अजून."

"अहो, मग हे वासरू कुणाचं?"

"वासरू झालं. वासरामागची वार कुठं पडलीया?" गाईवरची नजर न काढता रावबा म्हणाला. "त्याआदी व्याली कसं म्हणू?"

इंदू पाणी घेऊन धावतच परतली.

हौसाखालचं फडकं लालभडक झालं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मावशी पोट चोळत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हौसा, डोळं उघड. माज्याकडं बघ."

इंदूला पहिल्यांदाच भीती वाटली. वर्गातला एकही शब्द आठवेना.

शेवटी हौसाचीही बाळामागची वार पडली. मावशीने ती परातीत पसरली, कडेकडेने बोट फिरवलं. तुकडा मागे राहिला नव्हता. रक्त हळूहळू आटोक्यात आलं.

"आता म्हणायचं?" इंदूने दबकत विचारलं.

"ह्याच घरात थोरल्या सुनेची वार पडली आन् मी थाळी वाजवायला सांगितली." मावशी हात धूत होती. "थाळी वाजत हुती... तवर ती गेली."

बाहेर सासूच्या बांगड्या किणकिणल्या. तिने ऐकलं असावं.

"मग कधी म्हणायचं, मावशी?"

मावशीने कोनाड्यात झाकून ठेवलेली पेजेची वाटी घेतली आणि चमचा हौसाच्या तोंडाशी धरला.

पहिला चमचा ओघळला. दुसरा कसाबसा गेला. इंदू चमचे मोजत राहिली. पुढचे चार-पाच गेले, कितीतरी वेळाने.

मग हौसाच्या कपाळाला आठी पडली.

"मीठ न्हाई ह्यात," ती पुटपुटली. "कुणी केली?"

केली होती इंदूने. तिला रडूच फुटलं.

ठकूमावशी सकाळपासून पहिल्यांदा हसली. दाराकडे तोंड करून तिने हाक दिली...

"पारूबाई, सून बाळंत झाली. वाजव थाळी!"