शिंप्याची शिवलेली शेपटी

एका शेताच्या बांधावर उंबराचं एक रोपटं होतं आणि त्या रोपट्यावर एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे अंगठ्याएवढं हिरवट पाखरू, मुलांनो. चोच हीच तिची सुई. शेजारच्या शेतातला कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांवर जे चुकार पुंजके लोंबत राहतात, तोच तिचा दोरा. पानाच्या काठाला भोक पाडायचं, धागा ओवायचा, बाहेरून गाठ फुगवायची, की टाका बसला. तिने मनावर घेऊन घातलेला टाका वादळानेही उसवत नसे.

तिचा नवरा शिंपी. नावाचाच. आयुष्यात त्याने एक टाका घातला नव्हता. पण त्याला शेपटी होती. उन्हाळा आला की शिंप्याच्या शेपटीत दोन लांब पिसं फुटतात, बायकोला फुटत नाहीत. एवढ्यावर हा पठ्ठ्या असा वागे, जणू ती दोन पिसं आहेत म्हणून शेत उभं आहे. सकाळी उठायचं, फांदीच्या टोकाला बसून "टुवीट, टुवीट" ओरडायचं, मग शेपटी विंचरायची, आणि दुपारी दमायचं. कशाने दमायचं, ते मला विचारू नका.

दोघांची चार पिल्लं होती. उंबराची दोन मोठी पानं जोडून केलेली खोळ, आत कापसाची गादी, हे त्यांचं घर. आता ऐका, गोम इथेच आहे. शिंपिणीने स्वतःच्या घराला पक्की शिवण घातलीच नव्हती. नुसते कच्चे टाके होते. कच्चा टाका माहीत नसेल तर आईला विचारा. कापड सरकू नये म्हणून आधी लांब लांब टाके घालून ठेवतात आणि मग त्यावर खरी शिवण घालतात. शिंपीण म्हणाली होती, "अंड्यांपुरतं एवढं बास. पक्कं नंतर घालते." ते नंतर काही आलंच नाही. आले ते शेजारी.

खार आली. "वहिनी, घरीच आहेस ना? माझ्या पोरांना एक झोळी शिवून दे. तुला काय, बसल्या बसल्या होईल."

विहिरीच्या कपारीतली पारवीण आली. "मावशी, घरीच आहेस ना? माझं अंडं परत विहिरीत पडलं गं."

"चार काड्या आडव्या टाकून त्याला घरटं म्हटल्यावर दुसरं काय होणार?" शिंपीण म्हणाली.

"म्हणून तर आले. खाली एक तळ शिवून दे. तुझ्या हाताला किती सफाई आहे!"

हाताला सफाई आहे म्हटलं की शिंपीण पाघळायची. हा तिचा दोष, तो मी लपवणार नाही. चोचीत अळी घेऊन दारात आलेली बाई ती अळी एका पिल्लाच्या तोंडात कोंबायची आणि बाकीच्या तिघांना म्हणायची, "थांबा रे, एवढा टाका होऊ दे." पिल्लं कशाला थांबतात? चौघं मिळून अशी बोंब ठोकायची की बांधाखालचा सरडा जागा बदलायचा. शिंपीण झोळी अर्धी टाकून अळीला पळायची, अळी टाकून झोळीला यायची. नवरा वरच्या फांदीवरून बघायचा आणि म्हणायचा, "अगं, दोन टाके तर घालायचेत. त्याला एवढी धावपळ कशाला?"

पिल्लं वाढत होती. पिसं फुटू लागली, ढकलाढकली सुरू झाली आणि एका दुपारी खोळीच्या कडेचा कच्चा टाका फट्‌ करून सुटला. फटीतून एका पिल्लाचा पाय बाहेर आला. खाली सरळ जमीन, आणि जमिनीवर मुंगसाचा जाण्यायेण्याचा रस्ता.

"अगं, तुझा टाका उसवलाय," शिंपी वरून म्हणाला.

"माझा टाका? घर कुणाचं आहे?"

"शिवतेस तू, म्हणून म्हटलं. बघ बाई, पोरगं पडेल."

"मग त्याचा पाय आत ढकला!"

"मी आत्ताच शेपटी विंचरली," शिंपी म्हणाला.

शिंपीण काही बोलली नाही. बाई बोलत नाही तेव्हा शहाण्याने लांब व्हावं. हा मात्र खाली उतरला आणि नेमका खोळीच्या कडेवर येऊन बसला, काम नीट होतंय का ते बघायला. शेपटी पसरली ती थेट शिवणीवर. इकडून खार ओरडली, "वहिनी, झोळीला नाडी राहिली!" तिकडून पारवीण घुमली, "मावशी, माझ्या तळाचं काय?" आतून चार चोची आ वासून किंचाळत होत्या. शिंपिणीने तिडिकीत कापसाचा शेवटचा पुंजका उचलला, दोरा दुहेरी केला आणि मान खाली घालून शिवत सुटली. जवळ जवळ, घट्ट, वर गाठ, खाली गाठ. या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी शिवण घातली की त्या घराने तशी कधी पाहिली नव्हती. शेवटची गाठ मारून तिने श्वास सोडला.

शिंपी म्हणाला, "झालं ना? उगाच आरडाओरडा. बरं, मी जरा फिरून येतो." आणि त्याने पंख उघडले.

तो उडाला नाही. घर हललं, पिल्लं कोलमडली आणि हा जागच्या जागी आपटला.

"अगं! मला कुणी धरलंय?"

शिंपिणीने मागे जाऊन पाहिलं. दोन्ही लांब पिसं दोन्ही पानांच्या मधोमध शिवली गेली होती. खालपर्यंत. दुहेरी दोऱ्याने.

मुलांनो, तिला हसू आलं. तिने ते दाबलं, पण सगळं दाबलं गेलं नाही.

"हसतेस काय? उसव!"

"उसवते. पण मग सबंध कड उघडी पडेल आणि पोरं खाली जातील. परत शिवायला माझ्याकडे धागा नाही. आधी पोरांना अळ्या आणते, मग कापूस आणते, मग बघू."

"आणि तोवर मी काय करू?"

"घरीच आहात ना?" शिंपीण म्हणाली. "मग जरा पोरं बघा." आणि भुर्रकन उडून गेली.

आता बघा मजा. ती जाते न जाते तोच खार आली, पाठीवर दोन पोरं. "भावजी, आज घरी? बरं झालं. ही दोघं जरा सांभाळा, मी शेंगा आणते. तुम्ही काय, बसलेलेच आहात." पोरांनी लगेच शिंप्याच्या डोक्यावरून घसरगुंडी सुरू केली. मागून पारवीण आली. "काका, हे शेवटचं अंडं उरलंय. तळ होईपर्यंत पंखाखाली ठेवा." अंडं शिंप्यापेक्षा मोठं. तो त्यावर बसला की पाय टेकेनात, उतरला की अंडं घरंगळायला लागे. आतून चार पिल्लं ओरडत होती. तो म्हणाला, "गप्प बसा, मी तुमचा बाप आहे." ती जास्त ओरडली. तो म्हणाला, "आई येतेय हं." ती आणखी ओरडली. शेवटी त्याने मान लांब करून पानावरचा एक किडा पकडला आणि एकाला भरवला. बाकी तिघांनी त्याची चोच धरून ओढली. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणाला, "अरे, ही बाई कधी येणार?"

खार आपली पोरं घेऊन गेली, पारवीणही तळाची वाट बघून कंटाळली आणि अंडं घेऊन गेली, आणि जरा शांत झालं. इतकं शांत की शिंप्याचा डोळा लागला. तेवढ्यात बांधावरचं गवत हललं आणि त्यातून भारद्वाज बाहेर आला. तांबडे पंख, लाल डोळे, डुलत डुलत चाल. माणसं त्याचं दर्शन शुभ मानतात. माणसांना काय जातंय? त्यांची पोरं घरट्यात नसतात. भारद्वाजाला पाखरांची कोवळी पिल्लं फार आवडतात.

"वा, घर भरलेलं दिसतंय," भारद्वाज म्हणाला.

शिंप्याने काय केलं असेल? खरं सांगते, तो पळाला. म्हणजे पळायला गेला. पंख फडफडवले, जीव खाऊन जोर लावला, पण शिवण हलली नाही. पुढे भारद्वाज, मागे शेपटी, मध्ये हा. भारद्वाजाने चोच खोळीच्या कडेत घातली आणि ओढली. सकाळचा कच्चा टाका असता तर चारही पिल्लं त्याच्या पुढ्यात पडली असती. ही शिवण ताणली गेली, पण उघडली नाही. त्याने परत ओढलं. आतून पिल्लं "आई, आई" करू लागली. मग त्यातलं एक ओरडलं, "बाबा!"

तोपर्यंत पोरांनी त्याला कधी हाक मारली नव्हती. मारायची वेळच आली नव्हती.

शिंपी गर्रकन वळला आणि त्याने भारद्वाजाच्या लाल डोळ्याखाली चोच हाणली. पुन्हा हाणली. आणि ओरडायला लागला. ओरडणं हे एक काम त्याला चांगलं येत होतं, आज ते उपयोगी पडलं. खार शेंग टाकून धावली, पारवीण पंख आपटत आली आणि शिंपीण कापूस तोंडात धरून बाणासारखी सुटली. चौघांनी मिळून भारद्वाजाला असं झोडपलं की तो गवत तुडवत, ठेचकाळत, "कुठलं शुभ नि कुठलं काय" असं पुटपुटत निघून गेला.

सगळ्यांनी घराकडे पाहिलं. पिल्लं चारच्या चार आत होती. शिवण जशीच्या तशी होती. आणि शिंपी बाजूच्या फांदीवर मोकळा बसला होता. त्या झटापटीत शिवण पक्की निघाली, पिसं कच्ची निघाली. दोन्ही लांब पिसं घराच्या कडेला तशीच शिवलेली राहिली होती.

"भावजी, तुम्ही तर वाघ निघालात!" खार म्हणाली. "दुसरा कुणी असता तर पळाला असता!"

शिंप्याने छाती फुगवली. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती काहीच म्हणत नव्हती, तोंडात कापूस होता. त्याची छाती हळूहळू खाली गेली.

"पळतच होतो," तो म्हणाला. "शिवलेला होतो."

यावर शिंपीण मात्र पोट धरून हसली.

"मावशी, आता माझा तळ?" पारविणीने विचारलं.

"नाही," शिंपीण म्हणाली. हा शब्द तिच्या चोचीतून पहिल्यांदाच निघाला होता, म्हणून जरा मोठ्याने निघाला. पारवीण दचकली. "उद्या. पोरांचं खाऊन झाल्यावर. कापूस तुझा तू आणायचा. आणि पोरांच्या झोपायच्या वेळेला माझी सुई बंद. खारीलाही हेच."

दुसऱ्या दिवशी पारवीण कापूस घेऊन हजर झाली. पाहते तर शिंपीण खारीच्या झोळीला नाडी शिवते आहे आणि शिंपी दोन पानांचे काठ एकावर एक दाबून धरून बसला आहे, मधे उठून पिल्लांना अळी भरवतो आहे. वेडावाकडा का होईना, एक टाकाही घातला होता त्याने. तो शिंपिणीने मागाहून उसवला, पण त्याच्या देखत नाही.

"अगं बाई! काका, तुमची ती झोकदार शेपटी कुठे गेली?" पारविणीने विचारलं.

"घराला लागली," शिंपी म्हणाला. "तूही ते पान नीट धर गं, टाका सरकतोय."

तात्पर्य : घरात बसून केलेलं काम ज्याला दोन टाक्यांचं वाटतं, त्याला एक दिवस त्याच जागी शिवून बसवावं, आणि दुनियेची झोळी शिवणाऱ्या बाईनेही आधी आपल्या घराची कड पक्की करावी.